दुसरी चकती

मोहखेडे, तालुका शहादे
२० नोव्हेंबर १९५७

चि. मगन,

पाकिटाचे चारी कोपरे शाबूत आहेत, बघून घेतलेस ना? मग निवांत बस, पाणी पी आणि वाच. कोपरा फाटलेलं पत्र आलं की कुणीतरी गेलं, ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं, एवढं तरी सुरतेला जाऊन विसरला नसशील. आपल्याकडे सगळे जिवंत आहेत. आबा तर जरा जास्तच जिवंत आहेत, आणि त्यासाठीच हे पत्र.

अरे मगन, आपले आबा चकती खेळतात!

झालं का खोटं वाटून? मलाही वाटलं होतं. बकरी सुटून मोहाच्या रानात शिरली म्हणून मी तिच्यामागे गेले. तू गेल्यापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. तू झाडाझाडांवर बांधलेल्या टोपल्या कुजून लोंबत होत्या, घाणेरी कमरेएवढी माजली होती. आणि पहिल्या निंबाखाली आबा उभे. फेटा बाजूला काढून ठेवलेला, हातात डालड्याच्या डब्याचं झाकण. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हात मागे नेला आणि फेकलं. ते गेलं थेट बोरीच्या जाळीत. आबांनी झाकणाला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही, तू ओळखशील. मग काटे बाजूला सारत ते स्वतः आत शिरले, झाकण काढून आणलं आणि पुन्हा निंबाखाली उभे राहिले. मी झुडपामागे तोंडात पदर कोंबून बसले होते. बकरीसुद्धा चरायचं सोडून बघत होती.

झाकण कुठलं म्हणशील, तर तुझंच. तू गेलास त्या आखाजीच्या सणाला आबांनी सगळ्या गावासमोर तुझ्या चकत्या विहिरीत टाकल्या होत्या ना, 'झाकणं फेकणारा आंडोर माले नको', असला पोरगा नको म्हणून? यंदा उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला, त्यात त्या वर आल्या. गडी फेकून देत होता. आबा म्हणाले, राहू दे, पत्रा कामाला येतो. आणि पुढे हे काम!

दुसऱ्या दिवशी ते शहाद्याला मेहबूबचाचांच्या दुकानी गेले. आपले पत्र्याचे डबे करतात ते मेहबूबचाचा. आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "झाकणनी कोर मोहाले लागस. साल फाटी जास झाडनी." तुझ्या चकत्यांच्या धारेने झाडांची साल कापली जात होती म्हणे, म्हणून चाचांकडून सगळ्यांच्या कडा मुडपून गोल करून आणल्या. तू एवढी वर्षं खेळलास, तुझ्या लक्षात आलं होतं का? माझ्या तर नव्हतं. वर आबा म्हणतात, चाचा म्हणतो आता ती आधीपेक्षा सरळ जाईल. आणि जाते रे! मी बघितली.

तू म्हणाला होतास, आबा स्वतः बोलावतील तेव्हाच येईन. आबा म्हणाले होते, मी बलावाव नही. तुमच्या दोघांच्या या शब्दांपायी मी बहीण म्हणून मधल्यामध्ये लटकले आहे, पण ते असो. आज मी बोलावण्यासाठी लिहिलेलं नाही. बघितलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नव्हतं. तुझ्या दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "नजर फिरली तुझी."

आबांची तब्येत चांगली. हल्ली उंबऱ्याला ठेचाळतात, वयाचं आहे.

तुझी
रुक्मिणीअक्का


मोहखेडे
३० मार्च १९५८

चि. मगन,

कोपरे बघितलेस? शाबूत. बरं.

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. 'आबांनी बोलावलं का?' एवढंच. नाही बोलावलं. आणि अक्का कशी आहे, दाजी कसे आहेत हे विचारायला तुझी शाई संपली होती वाटतं.

इथे आता लपवाछपवी राहिलेली नाही. संक्रांतीपासून अर्धं गाव रानात असतं. आधी तुझे दाजी गेले, माझी नजर फिरली होती की नाही ते बघायला, आणि त्या दिवसापासून घरी यायचं नाव नाही. त्यांची चकती हातातून सुटली की कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसतं. एकदा तर पाठीमागे गेली. खरंच, मागे! आबा हसत नाहीत, तुला माहीत आहे, पण त्या दिवशी त्यांनी फेट्याचा शेव तोंडाला लावला.

तुझा खेळ आबांनी बदलला नाही हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. नऊ झाडं तीच, निंबापासून सुरू करून मोठ्या मोहाशी शेवट. एका झाडाच्या बुंध्याशी उभं राहून पुढच्या झाडावरच्या टोपलीत चकती पडेपर्यंत फेकत जायचं, आणि कमी फेकींत जो मोठ्या मोहाला पोचेल तो जिंकला. पण बाकीच्या रानाचं त्यांनी काय करून ठेवलंय! घाणेरी मुळापासून काढली. नुसती वरून छाटली नाही, मुळं खणून काढली, आणि ती उलटी करून वाळवली. चौथ्या आणि पाचव्या झाडामध्ये सगळ्यांचे पाय एकाच जागी पडून जमीन उघडी झाली होती. तिथे त्यांनी काटेरी फांद्या टाकून ठेवल्या आणि उभं राहायची जागा बाजूला नेली. जुन्या जागी गवत आलं की परत तिकडे. फांदीत अडकलेली चकती काढायला लांब बांबूला आकडा बांधून ठेवलाय. कुणी दगड मारून चकती पाडायची नाही, फांदी तोडायची नाही. तुझ्या दाजींनी एकदा आडवी आलेली एक डहाळी मोडली, तर त्यांना आठ दिवस नुसतं बघत बसायला लावलं. जावयाला! मी म्हटलं बरं झालं.

आता खरी गंमत ऐक. मोह फुलला. पहाटेपासून फुलांचा सडा, आणि तुला ठाऊक आहे, वरच्या पाड्याच्या बाया ती वेचायला येतात. त्यांत रूपलीबाई. ही बाई आधी झाडाखालचा पाला झाडून साफ करते, मग फुलं वेचते. त्या दिवशी आपले खेळगडी सकाळीच रानात घुसले आणि फुलांवरून चालले. रूपलीबाईने टोपली खाली ठेवली आणि थेट आबांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, पाटील, हे अन्न आहे आमचं, तुमच्या पोरखेळाने तुडवायला नाही पडलं. आबांच्या तोंडावर असं बोलणारी माणसं मी आजवर दोनच बघितली, एक ही आणि एक तू.

मला वाटलं, आता आबा पेटले. पण ते खाली बघत राहिले. मग वाकले आणि पायाला चिकटलेलं फूल काढून तिच्या टोपलीत टाकलं. त्या दिवसापासून मोह गळतो तोवर बायांचं वेचून होईपर्यंत रानात कुणी चकती फेकायची नाही. आबांचा हुकूम. आणि वेचून झाल्यावर रूपलीबाई म्हणाली, दाखवा बघू काय आहे हे. तिने चकती घेतली आणि हाताखालून, कमरेच्या हिसक्याने अशी सोडली की ती गवताला घासत गेली आणि शेवटी वर उचलून टोपलीत. पहिल्याच फेकीत, मगन! तुझ्या दाजींनी कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, "हाई बाई माले शिकाडी." आणि खरोखर ते तिच्याकडून हाताखालची फेक शिकले.

मी मागेमागे उभी राहून हे सगळं बघते आणि मला आपल्या बापाचं कौतुक वाटतं. लहानपणी मी त्यांना फक्त भ्यायचे. लोकांना हुकूम सोडणारा माणूस एवढाच माझा बाप. आता कळतंय की तो माणूस शिकायला तयार असतो, फक्त तशी वेळ येऊ द्यावी लागते. तू असतास तर तुला हे बघायला मिळालं असतं.

तुझी
अक्का


मोहखेडे
८ ऑक्टोबर १९५८

चि. मगन,

कोपरे शाबूत. पण आज जरा मन घट्ट करून वाच.

पावसाळ्यात रानाच्या खालच्या अंगाला पाणी तुंबून सहाव्या झाडाकडे जाताना चिखल व्हायचा. आबांनी चर खोदून ते पाणी नाल्याला काढून दिलं. चराच्या कडेने चिंच आणि जांभळाची रोपं लावली. मी म्हटलं, आबा, ही झाडं मोठी होतील तेव्हा आपण कुठे असू? म्हणाले, "चकतीले तं राहवानंच शे." चकतीला तर राहायचंच आहे! बघ, कुणाची काळजी करतात ते.

आणि सगळ्या टोपल्या काढून टाकल्या. त्या जागी रॉकेलचे डबे, अर्धे कापून, मेहबूबचाचांकडून कडा मुडपून घेतलेले. प्रत्येक डब्यात वेगळं काही टांगलं आहे. एकात बैलाची जुनी घंटी, एकात नाल, एकात पितळी वाटी. चकती लागली की मोठ्या मोहाचा आवाज वेगळा, पळसाचा वेगळा. आमच्या अंगणातून ऐकू येतं कोण कुठल्या झाडाशी पोचलं ते. मी भाकरी थापता थापता सांगते, तुझे दाजी अजून तिसऱ्याच झाडाशी आहेत.

मी विचारलं टोपल्या का काढल्या, तर आबा म्हणाले, बांबू कुजतो. मीही मानलं. किती दिवस मानलं, मगन!

मग एक दिवस मी बघितलं, फेकायच्या आधी ते रूपलीबाईला सांगतात, पुढे जाऊन डबा वाजव. ती वाजवते आणि मग ते फेकतात. मी जवळ गेले. भर दुपारचं ऊन होतं आणि मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, पण त्यांना मी दिसले नाही. मी हाक मारल्यावर दचकले.

तुझे दाजी त्यांना धुळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू आहे. बाजूचं सगळं गेलं आहे, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं, आणि ती नळीही बारीक होत चालली आहे. गेलं ते परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थेंब दिले आहेत. किती दिवस उजेड राहील हे कुणीच सांगत नाही.

आबांनी मला बजावलं आहे, मगनला हे कळवायचं नाही. "दया खाईसन येवाना व्हई तं येऊ नको म्हना त्याले." मी त्यांचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द मोडते आहे.

तेव्हा स्पष्टच लिहिते. रान कुठे पळून जात नाही, खेळही जात नाही. पण तू उशिरा आलास तर आबांना तुझा आवाज ऐकू येईल, तोंड दिसणार नाही. दोन वर्षांत तुझं तोंड बदललंही असेल. मिशी ठेवली आहेस का तू? त्यांना ती बघू दे. येऊन जा रे बाबा.

तुझी
अक्का


मोहखेडे
४ जानेवारी १९५९

मगन,

चि. लिहीत नाही आज. रागावले आहे.

'डोळ्यांचं निमित्त करून तू बोलावतेस, आबा बोलावत नाहीत.' हे तुझं उत्तर? निमित्त? मी बापाच्या डोळ्यांचं निमित्त करीन? तुझं कार्ड चुलीत घालणार होते. तुझ्या दाजींनी हातातून काढून घेतलं, म्हणाले, पोरगं आबांचंच आहे, आणखी काय लिहिणार. ते खरंच. तुम्ही दोघं एकाच मातीचे. आबा म्हणतात, गेला तो आपल्या पायाने, येईल तो आपल्या पायाने. तू म्हणतोस, बोलावल्याशिवाय पाऊल नाही. बसा मग तुम्ही आपापल्या जागी. मला काय!

आता हे पत्र इथेच संपवणार होते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला बसवत नाही. आबांनी ती कुणाला सांगितलेली नाही. मी आपली पाळत ठेवून ओळखली.

सगळे खेळून घरी गेले की आबा एकटे पुन्हा निंबापाशी येतात. तेव्हा त्यांच्या हातात दोन चकत्या असतात. एक साधी. दुसरीच्या कडेला मेहबूबचाचांकडून एक खोच पाडून घेतली आहे, बोटाला लागावी म्हणून. आधी साधी फेकतात, मग खोचेची. असं प्रत्येक झाडाशी, मोठ्या मोहापर्यंत. मला वाटलं, सराव करतात. मग माझ्या लक्षात आलं की साधी ते पटकन फेकून मोकळे होतात. खोचेची फेकताना मात्र थांबतात, पाय नीट ठेवतात, डबा कुठे आहे ते आठवतात, हात दोनदा मागेपुढे करून मग सोडतात. म्हणून ती नेहमी जवळ पडते.

काल मी मोठ्या मोहामागे उभी होते. खोचेची चकती डब्यात पडली, घंटी वाजली. साधी अजून गवतातच होती. आबा हळूच म्हणाले, "हारनू. मगन जिकना."

ऐकलंस? तू गेल्यापासून या माणसाने घरात तुझं नाव घेतलं नव्हतं. मी घेतलं तर उठून जायचे. आणि इथे रोज तुझ्या वाटची चकती फेकतात, रोज तुझ्याकडून हरतात.

मी घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले. धुराचं निमित्त केलं. हे एक निमित्त मात्र केलं बघ.

तुझी
रुक्मिणी


[कार्ड]

मोहखेडे
२४ एप्रिल १९५९

चि. मगन, घाईत लिहिते. इकडे सर्व ठीक. आखाजी आली, झोके बांधायला घेतलेत. यंदा आखाजीला रानात मोठा खेळ ठेवला आहे, शहाद्याहूनही माणसं येणार. मेहबूबचाचांनी नव्या चकत्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. आबांना आता निंबाचा बुंधा हाताने चाचपावा लागतो. जास्त लिहीत नाही. आबा शहाद्याकडे निघालेत, कार्ड पेटीत टाकायला त्यांच्याजवळच देते आहे. तुझी अक्का.


मोहखेडे
७ जून १९५९

चि. मगन,

तू सुखरूप परत पोचल्याचं कार्ड मिळालं. सुरतेचं आवरून पोळ्याच्या आधी कायमचा येतोस हे वाचून तुझे दाजी म्हणाले, आता माझी चकती कोण बघणार. काळजी करू नकोस, त्यांची चकती अजूनही गावभर जाते.

त्या दिवसाचं तुला तुझ्या बाजूने ठाऊक आहे. माझ्या बाजूने काय दिसलं ते तुला सांगायचं राहिलं, तू होतास तोवर घरात माणसं मावत नव्हती.

तू आलास तेव्हा आम्ही सगळे रानात होतो, घराला कुलूप. रूपलीबाईने तुला पहिल्यांदा बघितलं. कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेऊन भिजलेला, पायांत वहाण नाही, हातात कार्ड. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात धरला. आबा तुझ्याकडे पाठ करून निंबापाशी उभे होते. तू जिवंत बापाची पाठ बघितलीस आणि जवळच्या झाडाला धरलंस, ते मला लांबून दिसलं. माय वं! मला कळेचना की तुला झालंय काय. कार्डाचा कोपरा नंतर दिसला.

आबांनी साधी चकती फेकली. मग त्या दिवशी सगळ्यांदेखत खोचेची हातात घेतली, बोटाने खोच चाचपली, हात मागे नेला. तेव्हा तू पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतलीस. आबांनी मान वळवली, तुला त्या नळीत धरायला इकडेतिकडे केली, मग तू सापडलास. किती वेळ बघत होते! कपाळ बघितलं, मिशी बघितली, हनुवटी बघितली. एका वेळी थोडंथोडंच दिसतं ना त्यांना. मग म्हणाले, "मिशी शोभत नही तुले." आणि लगेच, "फेक. आते तुन्हा हात शे."

तू फेकलीस ती पार पळसाच्या पलीकडे गेली. तीन वर्षांत हात गेला तुझा. आबा एवढे खूश झाले की त्यांना लपवता येईना. "आज मी जिकनू!" म्हणून ओरडले. अख्ख्या रानाने ऐकलं. तू रडत होतास म्हणून तुला ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही.

आता कोपऱ्याचं. तू विचारलंस, कार्ड कुणी फाडलं. मी म्हटलं, बकरीने खाल्लं असेल, दुसरं कोण. तूही मानलंस. तू गेल्यावर मी त्या बकरीला खुंट्याला आखूड बांधून टाकलं. रोज तिला बोलायचे, रांडे, माझ्या भावाचं काळीज खाल्लंस तू. चरायला सोडणं बंद. ती दिवसभर ओरडायची.

परवा आबा ओट्यावर बसले होते. बकरी ओरडली, मी आतून आणखी एक शिवी दिली. आबा म्हणाले, "सोड तिले."

मी म्हटलं, सोडणार नाही.

म्हणाले, "तिना काय दोष? तिनी नही फाडं."

मी हातातलं लाटणं घेऊन तशीच बाहेर आले. आबा समोर बघत होते, म्हणजे कुठेच बघत नव्हते. मी विचारलं, मग कुणी फाडलं? त्यांचा अंगठा आणि बोट मांडीवर नुसते हलत होते, खोच चाचपावी तसे.

मगन, पेटीपाशी उभं राहून आबांनीच फाडला तो कोपरा.

मला राग आला रे. मी म्हटलं, आबा, जिवंत माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या मरणाचं कार्ड करायचं? पोराचं काय झालं असेल गाडीत? आणि एवढंच करायचं होतं तर दोन शब्द सांगायचे होते मला, मी लिहिले असते, ये म्हणून!

आबा म्हणाले, "मी कोठे बलावं त्याले? मी काहीच लिखं नही."

बघ म्हणजे, अजूनही बोलावलेलं नाही त्यांनी! शब्द मोडलाच नाही. मला हसावं की रडावं कळेना. मग आपणच बोलले. म्हणाले, माझ्या डोळ्यांत उजेड उरला तो आठ दिवसांचा की महिन्याचा, ठाऊक नाही. मगन आखाजीपर्यंत आला नसता तर मग कधीही आला तरी सारखंच होतं. आणि म्हणाले, "त्याना वाटनी फेकी फेकी मी थकनू." त्याच्या वाटची फेकून फेकून थकलो. एवढंच.

मी तिथेच ओट्यावर बसले, लाटणं हातात तसंच. अपशकुनाला भिणारा माणूस आहे तो. मांजर आडवं गेलं तर गाडी परत फिरवणारा. त्याने अंदाजाने बोटांनी कार्डाचा कोपरा धरला असेल, आणि फाडला असेल. तुझं तोंड बघण्यासाठी स्वतःवर मरण ओढवून घेतलं त्याने. मला दुसऱ्या कुणाचं एवढं कौतुक वाटलं नाही कधी, आणि एवढा रागही आला नाही.

बकरीला सोडलं. दोन दिवस तिला गूळ घातला, माफी म्हणून.

आणि हे तुला कळवायचंच होतं. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवसापासून आबांना समोरचंही दिसत नाही. नळी मिटली. ते अजून रानात जातात, रूपलीबाई डबा वाजवते, ते फेकतात, आणि पूर्वीपेक्षा बरं फेकतात असं तुझे दाजी म्हणतात. पण आता एकच चकती नेतात. खोचेची मोठ्या मोहाच्या खुंटीला टांगली आहे. मी म्हटलं, मगनच्या वाटची नाही फेकत? तर म्हणाले, ज्याची त्याने फेकावी, मला माझी जड झाली आहे.

काल त्यांना विचारलं, आबा, शेवटचं काय नीट बघितलं तुम्ही? मला वाटलं मोह म्हणतील, तापी म्हणतील. म्हणाले, "मगननी मिशी." आणि पुन्हा म्हणाले, शोभत नाही.

काढू नकोस रे ती. आता त्यांना तीच ठाऊक आहे.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार होते, आबांच्या हाती द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण ते पाकीट मागून घेऊन बसले आहेत. एकेक कोपरा बोटाने चाचपताहेत, चारी कोपरे, सावकाश. आता परत दिलं. म्हणाले, "शाबूत शे. टाक."

तुझी
अक्का